टेकडीची टपालपेटी

पुण्याच्या वेताळ टेकडीवर गेली सतरा वर्षं मी लोकांना झाडं दाखवत फिरते, आणि दुसऱ्या रविवारी त्यांच्याकडूनच तण उपटून घेते. दिवाळीनंतर आलेल्या पत्रांतली चार या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीला यंदा पंचवीस वर्षं होत आहेत. त्यानिमित्त येत्या जूनमध्ये टेकडीच्या उघड्याबोडक्या माळावर दोनशे देशी झाडं लावायचं ठरतंय. वड, पिंपळ, कडुनिंब चालतील ना?
– एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड

उत्तर : काका, रागावू नका, पण नका लावू. माळावर तर नकोच.

माझंच सांगते. २००९ च्या जूनमध्ये आम्ही सात-आठ जणींनी वेताळाच्या देवळाच्या जरा खाली चाळीस खड्डे घेतले. मुरूम असा की टिकाव खणखण वाजायचा. खणताना बोटाएवढे काळपट कंद निघत होते, ते मी दगडांबरोबर बाजूला भिरकावत होते. कडुनिंब, करंज आणि हौसेने चार वड लावले. फोटो काढले, वडापाव खाल्ले. दुसऱ्या मे महिन्यात चाळिसातली तीन जिवंत होती. त्याच वर्षी पहिल्या पावसानंतर, जिथे आमचा टिकाव पोचला नव्हता तिथे, जमिनीला चिकटून सहा पाकळ्यांच्या पिवळ्या चांदण्या उमललेल्या दिसल्या. काळी मुसळी. मी भिरकावले ते तिचेच कंद. ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

उन्हाळ्यात माळ उघडाबोडका दिसतो, कारण त्याचा अर्धा संसार जमिनीखाली असतो. वर वीतभर माती, खाली काळा पत्थर. पाऊस सातशे-साडेसातशे मिलिमीटर, तोही बहुतेक चार महिन्यांत उरकणारा. अशा जागी मूळचं रान म्हणजे गवत, काटेरी झुडपं आणि मधूनमधून पानझडी झाडं. चंडोल गवताच्या बुडाशी, जमिनीवरच घरटं करतो. दाट सावली केली की गवत जातं आणि गवताबरोबर तोही जातो.

जास्त झाडं म्हणजे जास्त जंगल, हा हिशेब टेकडीवर एकदा मांडून झालाय. मध्य अमेरिकेतलं गिरिपुष्प भरभर वाढतं, फांदी रोवली की लागतं, म्हणून काही दशकांपूर्वी पुण्याच्या टेकड्यांवर भरमसाट लावलं गेलं. फेब्रुवारीत त्याच्या गुलाबी फुलांचे फोटो तुम्हीही पाठवत असाल. एकदा त्या गर्दीखाली वाकून बघा, काय उगवलंय ते. आम्ही ती मोठी झाडं तोडत नाही. तो आमचा अधिकार नाही, आणि नुसतं कापून भागतही नाही, बुंध्यातून पुन्हा फुटतात. फक्त पावसाळ्यात माती मऊ असताना त्यांची रोपटी उपटतो.

सोसायटीला काही करायचंच असेल, तर आधी वनखात्याला विचारा. मग माळ सोडून, राडारोडा पडलेली किंवा आधीच खणून वाया गेलेली एखादी जागा धरा. तिथे मोई, सालई, धावडा, मेडशिंगी, खैर, हिवर यांतली झाडं लावा. मोईची जाड फांदी पावसाच्या तोंडाशी रोवली तरी बहुतेकदा फुटते (फांदी टेकडीवरच्या झाडाची तोडायची नाही, हे सांगायला नकोच). त्यानंतर दोन उन्हाळे पाणी घालायचं. पाच लिटरचा कॅन घेऊन पंचवटीच्या बाजूने एकदा वर चढून बघा, दोनशेचा आकडा आपसूक वीसवर येईल. वीस जगवलीत तर पेढे मी आणीन.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये टेकडीवर केशरी फुलांचा गालिचा पसरला होता. फुलपाखरं बागडत होती. आणि तुमची मंडळी ती फुलं मुळासकट उपटत होती! हे कसलं निसर्गप्रेम?
– एक वाचक भगिनी, औंध

उत्तर : ताई, तो कॉसमॉस. मूळचा मेक्सिकोकडचा, इथे बागांतून सुटलेला. फुलपाखरू त्याच्यावर मध प्यायला येतं हे खरं, पण अंडी घालायला त्याला अळीचं खाणं असलेलं झाड लागतं. टेकडीवर फिरणाऱ्या काही फिकट पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या तरवडाची पानं खातात. कॉसमॉस छातीएवढा माजला की छोटी गवतं आणि तेरडा-बिरडा त्याच्याखाली दबतो. बी सुईसारखं असतं आणि टोकाला आकडे. फोटोसाठी त्यात शिरणाऱ्याच्या सलवारीला चिकटून ते पुढच्या वळणावर उतरतं. म्हणून बी धरायच्या आत उपटायचा. फुललेला असताना उपटायला आम्हालाही जिवावर येतं. खोटं कशाला सांगू?

प्रश्न : आमच्या गटाने मार्चमध्ये चार रविवार खपून घाणेरी कोयत्याने साफ केली. जुलैत पाहिलं तर पहिल्यापेक्षा दाट! आमचं काय चुकलं?
– एक तरुण वाचक, बाणेर

उत्तर : कोयता चुकला. घाणेरी (कुणी टणटणी म्हणतात) कापली की बुडातून चौपट फुटते. जाळली तरी तेच. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक साधी रीत बसवली आहे, आम्ही तीच वापरतो. बुडाजवळची माती उकरायची, जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचं आणि सगळं झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडे करून, तिथेच वाळत ठेवायचं. फळं धरण्याआधी. हातमोजे घाला, आणि आधी झुडपात डोकावून घरटं नाही ना ते बघा. असेल तर ते झुडूप त्या वर्षी सोडायचं. सगळा उतार एका दमात मोकळा करू नका. आज तिथे दडणाऱ्या पाखरांना दुसरा आडोसा होईस्तोवर तुकड्या-तुकड्यानेच करायचं.

खरं काम त्यानंतर. बुलबुल फळं खातात आणि ठरावीक झाडांवर बसून बिया खाली टाकतात. ती झाडं हेरून ठेवा, त्यांच्याखालची रोपटी पुढची दोन-तीन वर्षं उपटत राहा. या कामाला गर्दी जमत नाही. आमच्याकडे पहिल्या रविवारी साठ माणसं असतात, तिसऱ्या वर्षी पाच. त्या पाचांत तुम्ही असाल तर घाणेरी हरेल.

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत सहा वर्षांच्या मुलाला घेऊन तुमच्या फेरीला यायचं आहे. पण थंडीत टेकडी सुकलेली असते. त्याला दाखवण्यासारखं काय असेल? किती चालावं लागतं?
– एक आई, सदाशिव पेठ

उत्तर : या की! चालणं फारसं नाही, दोन तासांत आम्ही अर्धा किलोमीटरही पुढे सरकत नाही. मोरांची नावंच घेत बसू नका, दिसले तर दिसले. या दिवसांत बघायचं ते कुसळी गवत. त्याची काळी कुसळं एकमेकांत गुंतून वेण्या पडलेल्या असतात. एक सोडवून मुलाच्या तळहातावर ठेवायचं आणि पाण्याचा थेंब सोडायचा. क्षणभर काही होत नाही. मग पीळ उकलायला लागतो आणि कुसळ हळूहळू, पण डोळ्यांना दिसेल असं, स्वतःभोवती फिरायला लागतं. वाळलं की उलटा पीळ घेतं. रात्रीच्या दवाने सुटायचं, दिवसाच्या उन्हाने आवळायचं, असं करत बी स्वतःला मातीत कोरून घेतं. मागच्या वर्षी एका आजींनी तो प्रकार पाहिला आणि म्हणाल्या, ‘दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणत जन्म गेला, पण कुसळ आज पाहिलं बाई!’

पाणी, टोपी आणि जाड कापडाची पँट आणा. लोकरी मोजे घालू नका, नाहीतर घरी तासभर कुसळं वेचत बसाल. तरी निघालीच, तर कचऱ्यात टाकू नका. कागदात बांधून पुढच्या फेरीला परत आणा.