‘हे असे नव्हते हो!’

“मॅडम, या वयात माणूस एवढा बदलतो का? की यांच्या डोक्यात काही बिघाड झालाय?” सुमनताईंनी (नाव बदललं आहे) खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं.

यजमान एसटीत मेकॅनिक. ५८ला निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली. ३४ वर्षांच्या संसारात ज्यांनी कधी कपबशी विसळली नाही, ते आता भाकरी थापायला शिकताहेत, नातीची वेणी घालताहेत, मालिका बघताना डोळे पुसताहेत.

आधी आजाराची शंका तपासली. बदल अचानक की हळूहळू? पैशांचे व्यवहार, बोलताना शब्द आठवणं, चारचौघांत वागायचं भान ठीक आहे ना? स्वभाव एकाएकी पालटला तर मी सरळ न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवते. एका प्रकारच्या डिमेन्शियात (मेंदू झिजण्याच्या आजारात) विसरभोळेपणाआधी स्वभावच बदलतो. पण त्यात माया बहुधा आटते. इथं उलटंच चाललं होतं, तेही दोन वर्षं हळूहळू.

“आणि दहा वर्षांपूर्वीच्या तुम्ही?”

त्या थबकल्या. “तेव्हा सासूबाईंना विचारल्याशिवाय माहेरी फोनसुद्धा करत नव्हते.” आता त्या बचत गटाच्या अध्यक्ष, बँकेत मॅनेजरशी भांडून येतात.

“मग बिघाड तुमच्याही डोक्यात?” त्या हसल्या.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून जास्त लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना विचारलं, मागच्या दहा वर्षांत किती बदललात? काहींना, पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल? कुठल्याही वयाची माणसं मागचा बदल भरपूर सांगत, पुढचा मात्र जेमतेम. आपण आता घडून झालो, असं विशीतल्यालाही वाटतं आणि साठीतल्यालाही. (मलाही वाटतं. दर वेळी चुकते.)

हे सांगून झालं तरी त्या उठेनात. मग हळूच म्हणाल्या, “बाळंतपणात, सासूबाईंच्या आजारपणात मी एकटी मरमर मेले. तेव्हा कुठं होता हा माणूस?”

खरं दुखणं हे होतं. त्याला कुठल्याही अभ्यासाचा उतारा नाही. मी एवढंच म्हटलं, हा प्रश्न मला नको, त्यांना विचारा.

पुढच्या खेपेला दोघं आले. प्रश्न विचारून झाला होता. काका खाली बघून म्हणाले, “उत्तर नाही माझ्याकडं. ही बोलली, मी ऐकलं. रात्रीचा दीड वाजला.”

सुमनताई खिडकीकडे बघत होत्या. “भाकरी मात्र अजून फुगत नाही यांची,” त्या म्हणाल्या.