बांधावरच्या गवतातली माशी नवीन जातीची आहे का?

प्रश्न : नमस्कार सर, मी सेलू तालुक्यातली, बीएस्सी झाल्यावर सध्या घरीच आहे. आमच्याकडं रब्बी ज्वारी असते त्यामुळं खोडमाशी अन् पोंगेमर लहानपणापासून बघत आलेय. यंदा आईनं दाखवलं की बांधावरच्या शिप्पी गवताचा पण मधला पोंगा तसाच सुकायलाय. मी ते पोंगे उपटून बरणीत ठेवले, तोंडाला ओढणीचं फडकं बांधलं, पंधरा-सोळा दिवसांत नऊ माश्या निघाल्या. ज्वारीच्या माशीपेक्षा बारीक आहेत अन् पोटावरचे ठिपके पण वेगळे वाटायलेत. मोबाईलच्या अॅपमध्ये फोटो टाकला तर नुसतं 'माशी' येतं. ही नवीन जात असेल का? असली तर आईचं नाव देता येतं का, अन् कळवायचं कुणाला?
— एक वाचक, जि. परभणी

उत्तर : ताई, आधी तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. ज्वारी सोडून बांधावरच्या गवताचा पोंगा बघणारी नजर फार कमी जणांकडं असते.

तुमच्या फोटोत करडी छाती, पिवळसर पोट आणि त्यावर काळे ठिपके दिसतात, म्हणजे ही बहुतेक अॅथेरिगोना वंशातलीच माशी, ज्वारीच्या खोडमाशीची भाऊबंद. ज्वारीवरची ती अॅथेरिगोना सोकाटा, तिला हे नाव १८७१ मध्ये रोंदानी या इटालियन कीटकतज्ज्ञानं दिलं. पण या वंशात जाती पुष्कळ आहेत आणि बऱ्याच गवतांवरच वाढतात, बाजरीवरची वेगळी, काही तर सडक्या फळभाजीत वाढणाऱ्या. शिवाय सोकाटा सुद्धा ज्वारी नसताना बरूसारख्या रानगवतावर दिवस काढते. त्यामुळं गवत वेगळं म्हणून माशी वेगळी, असं लगेच धरता येत नाही. बारीक आहे यावरून पण नाही, कारण अळीला खायला कमी मिळालं की माशी बारीकच निघते, आणि गवताचा पोंगा ज्वारीच्या पोंग्यापुढं केवढासा असतो.

आता खरी मेख. या वंशातल्या माद्या एकमेकींसारख्या इतक्या की जाणकार माणूस सुद्धा नुसत्या मादीवरून नाव सांगायला कचरतो, ओळख पटते ती नरावरून. नराच्या पोटाच्या टोकाला तीन पानांसारखा एक बारीक अवयव असतो, त्याच्या वरच्या बाजूला एक उंचवटा असतो, त्या दोन्हींचा आकार जातीप्रमाणं बदलतो. ते बघायला पोटाचं टोक कापून कॉस्टिक पोटॅशच्या १० टक्के द्रावणात गरम करतात, मांस विरघळून जातं, कडक भाग उरतो, तो ग्लिसरीनमध्ये ठेवून मायक्रोस्कोपखाली चित्र काढतात. हे घरी करू नका, कॉस्टिकनं हात भाजतात आणि नर वाया गेला तर परत मिळायला पुढच्या हंगामाची वाट बघावी लागेल.

म्हणून पहिलं काम, त्या नऊमध्ये नर किती ते बघा. अजून पोंगे मिळाले तर अजून माश्या काढा, आणि निघाल्या की लगेच मारू नका, एक दिवस साखरपाण्यावर ठेवा, अंग कडक होऊन रंग पक्का बसला पाहिजे, नाहीतर वाळल्यावर माशी चुरमुडते आणि ठिपके कळत नाहीत. बऱ्याचशा वाळवून कागदाच्या बारीक तिकोनी टोकाला चिकटवा, कारण अल्कोहोलमध्ये रंग उडतात, पण दोन-तीन ९५ टक्के अल्कोहोलमध्ये डीएनएसाठी जरूर ठेवा. रिकामी कोषाची टरफलं टाकू नका, ज्या माशीची त्या माशीसोबत ठेवा. डबीला मुंग्या लागू देऊ नका, हे मी कळकळीनं सांगतोय, एका रात्रीत नुसते पंख शिल्लक राहतात. आणि प्रत्येक माशीखाली चिठ्ठी, त्यावर गाव, शिवार, तालुका, तारीख, कुणी धरली, कोणत्या गवतातून निघाली. चिठ्ठी नसलेली माशी कितीही नवीन असली तरी तिचा उपयोग जवळपास शून्य. गवत सुद्धा तुऱ्यासकट वर्तमानपत्रात दाबून ठेवा, शिप्पी म्हणून आपण दोन-तीन गवतं ओळखतो, वनस्पतीवाल्या माणसाला तुरा लागतो.

डीएनएचं बरेच जण विचारतात. ६५८ अक्षरांचा एक तुकडा वाचतात, त्याला बारकोड म्हणतात. तो आधी वाचलेल्या बारकोडांच्या साठ्यात कुणाशी जुळला नाही की लोक नवीन जात म्हणून मोकळे होतात. पण जुन्या काळी नाव दिलेल्या कितीतरी माश्यांचा बारकोड अजून कुणी वाचलेलाच नाही, मग जुळणार कशाशी? जुनी वर्णनं आणि म्युझियममधले मूळ नमुने काढून शेजारी ठेवून बघण्याला पर्याय नाही, वेळ जातो तो तिथंच.

नावाचं सांगतो. आईचं नाव देता येतं, नियमात पूर्ण बसतं, बाईच्या नावाला लॅटिनचा स्त्रीलिंगी प्रत्यय लागतो, जसा गावाच्या नावाला 'एन्सिस' लागतो. पण नाव ठरवतो तो वर्णन लिहिणारा, म्हणून माश्या देतानाच मोकळेपणानं बोलून घ्या, आणि वाढवण्याचं काम तुमचं आहे तर लेखात सहलेखक म्हणून नाव मागायला अजिबात लाजू नका. नाव आधीच स्टेटसला टाकू नका, ते धरलं जात नाही. छापील किंवा २०१२ पासून झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत, नोंद केलेल्या ऑनलाइन लेखात वर्णन यावं लागतं, आणि १९९९ नंतरच्या नियमानं एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा मूळ प्रमाण नमुना, म्हणून ठरवून तो कोणत्या संग्रहात ठेवला ते लिहावं लागतं. आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्यानं पण नवीन जातीचा नमुना सरकारनं नेमलेल्या संस्थेत जमा करणं बंधनकारक आहे, त्यामुळं बाहेरदेशी कुणी कुरिअरनं मागितला तर परस्पर पाठवू नका.

कळवायचं कुठं, तर तुम्हाला दूर जायची गरजच नाही. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र विभाग आहे, ज्वारीची खोडमाशी त्यांच्या रोजच्या ओळखीची, पहिली तपासणी तिथं करून घ्या. पुढं पुण्याला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे. जाताना तुमच्याच रानातल्या ज्वारीच्या पोंग्यातून काढलेल्या चार-पाच माश्या पण वेगळ्या डबीत न्या, नर-मादी दोन्ही, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील आणि पहिल्याच भेटीत निदान ती सोकाटा आहे की नाही एवढं तरी कळेल.