'रिव्हर्ट' म्हणजे कळवणे की मागे फिरवणे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये काट्याचे आणि पावत्यांचे संगणकावरचे काम सांभाळणाऱ्या एका वाचकाने 'रिव्हर्ट' या शब्दाविषयी विचारले आहे. त्यांच्याकडचे सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या एका कंपनीचे असून काही अडले की तिथल्या मदत विभागाला इंग्रजीत लिहावे लागते. ओलाव्याप्रमाणे कापसाचा दर कापण्याचा नवा हिशेब त्या विभागाने बसवून दिला होता. तो आधी निघालेल्या पावत्यांनाही लागू होईल का, एवढेच यांना विचारायचे होते. संध्याकाळी त्यांनी लिहिले, 'वुई हॅव अ डाउट अबाउट येस्टरडेज रेट चेंज. प्लीज रिव्हर्ट ऑन द सेम अ‍ॅट द अर्लिएस्ट.' सकाळी काटा सुरू केला तर नवा हिशेब काढून टाकलेला होता आणि तिकडून एका ओळीचे उत्तर आलेले होते, 'रिव्हर्टेड अ‍ॅज रिक्वेस्टेड.' फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागलेली असल्यामुळे पावत्या हाताने लिहाव्या लागल्या आणि त्या दिवशीचे चुकारे लांबले. वाचकाचे विचारणे असे की, चूक आपल्या इंग्रजीची की त्यांच्या समजुतीची, आणि मुंबईचे दलाल रोजच्या पत्रात 'प्लीज रिव्हर्ट' लिहितात तेही चूकच म्हणायचे का?

माझ्या मते व्याकरणाची मोठी चूक इथे कुणाचीच नाही. आपल्या दोन वाक्यांत तीन शब्द असे आहेत की भारतात त्यांचा एक अर्थ घेतला जातो आणि अमेरिकेत दुसरा, आणि दुर्दैवाने तिन्ही शब्दांचे अमेरिकी अर्थ एकमेकांना इतके जुळतात की तिकडच्या माणसाला संशय येण्याचे काही कारणच उरले नाही. त्याने वाचले ते साधारण असे : 'कालचा दरबदल बरोबर आहे असे आम्हाला वाटत नाही. तो लवकरात लवकर मागे घ्या.' त्याने तसे केले.

आधी 'रिव्हर्ट' घेऊ, कारण मुख्य घोटाळा त्याचा आहे. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ मागे वळणे असा असून इंग्रजीत हा शब्द शतकानुशतके पूर्वीच्या स्थितीकडे जाण्यासाठीच वापरला गेला आहे. मुदत संपल्यावर किंवा अट मोडल्यावर जमीन मूळ मालकाकडे परत जाते, तेव्हा कायद्याच्या इंग्रजीत ती 'रिव्हर्ट' होते. तात्पुरत्या बढतीवर असलेल्या कर्मचाऱ्याला मूळ पदावर पाठवतात, तेव्हा सरकारी आदेशात हेच क्रियापद असते. सोडलेली सवय पुन्हा लागली किंवा लागवडीचे झाड रानटी जातीचे गुण दाखवू लागले तरी हाच शब्द येतो. आपण 'मूळ वळणावर गेला' असे म्हणतो, तो अर्थ याच्या अगदी जवळचा आहे.

मग उत्तर देण्याचा अर्थ कुठून आला? इंग्रजीत एखाद्या विषयाकडे पुन्हा वळण्यालाही 'रिव्हर्ट' म्हणतात. 'या मुद्द्याकडे मी पुन्हा वळेन' असे लिहिणारा कारकून पुढे 'मी आपल्याकडे पुन्हा वळेन' असे लिहू लागला, तर त्यात फार अंतर पडत नाही, आणि 'आपल्याकडे पुन्हा वळेन' याचा व्यवहारातला अर्थ 'आपल्याला परत कळवेन' हाच होतो. मला हीच वाट सर्वांत संभाव्य वाटते. हा अर्थ फक्त आपल्याकडेच आहे असेही नाही, सिंगापूर आणि मलेशियातल्या कार्यालयांतही तो रुळलेला आहे. या तिन्ही देशांत सरकारी आणि व्यापारी पत्रव्यवहाराची इंग्रजी ब्रिटिश अमलात घडली, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. मराठी माणसाला तर तो अर्थ आणखीच सहज वाटतो, कारण 'परत' या एका शब्दाने आपण परत जाणे, परत देणे आणि परत कळवणे ही तिन्ही कामे करून घेतो. ('रिव्हर्ट बॅक' मात्र टाळावे. ते 'पुन्हा परत' लिहिण्यासारखे आहे.)

अमेरिकेतल्या साध्या कार्यालयात हे पत्र गेले असते, तर वाचणारा बहुधा थबकला असता आणि त्याने खुलासा मागितला असता. ते गेले सॉफ्टवेअरच्या मदत विभागात, आणि त्या व्यवसायात 'रिव्हर्ट' ही रोजची, ठरलेली क्रिया आहे. प्रोग्रॅममध्ये कोणता बदल कधी आणि कुणी केला याची नोंद ठेवणारी 'गिट' नावाची प्रणाली लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2005 साली तयार केली आणि आज जगभरातले प्रोग्रॅमर ती वापरतात. तिच्यात 'रिव्हर्ट' ही एक आज्ञाच आहे. ती दिली की निवडलेल्या बदलाच्या नेमका उलटा असा नवा बदल नोंदवला जातो आणि आधीच्या बदलाचा परिणाम नाहीसा होतो. ज्याने दिवसभर हा शब्द याच एका अर्थाने वाचला आणि लिहिला आहे, त्याच्यापुढे 'रेट चेंज' आणि 'रिव्हर्ट' हे शब्द लागोपाठ आले, तर त्याला दुसरे काही सुचणे कठीणच होते.

'डाउट' हा शब्द वरवर निरुपद्रवी वाटतो, पण वाचणाऱ्याला चुकीच्या वाटेला त्यानेच लावले. मराठीत शंका दोन प्रकारची असते. वर्गात किंवा कीर्तनानंतर शंका विचारतात ती वेगळी आणि कुणाच्या सचोटीवर शंका घेतात ती वेगळी. कुठली ते क्रियापदावरून कळते. भारतीय इंग्रजीने दोन्हींसाठी 'डाउट' घेतला आणि शिकवणीच्या वर्गांनी तो 'डाउट क्लिअर करणे' या रूपात गावोगावी पोचवला. अमेरिकी माणसाला त्यातला पहिला अर्थ ठाऊक नसतो. त्याच्या लेखी ज्याला माहिती हवी त्याच्याकडे 'क्वेश्चन' असतो आणि ज्याचा विश्वास नाही त्याच्याकडे 'डाउट'. तेव्हा पहिले वाक्य वाचतानाच आपली तक्रार आहे असे त्याचे मत बनले.

'द सेम' हा आपल्या अर्जांतला 'सदरहू' आहे. जुन्या इंग्रजी व्यापारी पत्रांत तो सर्रास असे, आता तिकडे तो फारसा कुणी लिहीत नाही. इथे त्याने एवढेच केले की 'रिव्हर्ट' कशाबद्दल, तर 'रेट चेंज'बद्दल, अशी गाठ पक्की बांधून दिली.

आता चुकीचा प्रश्न. एखाद्या देशातल्या लाखो शिकलेल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या एका अर्थाने वापरलेला शब्द केवळ लंडनला किंवा न्यूयॉर्कला तो अर्थ नाही म्हणून चूक ठरवणे मला पटत नाही. 'पोस्टपोन'च्या उलट आपण वापरतो तो 'प्रीपोन' ऑक्सफर्डच्या कोशांत भारतीय इंग्रजी म्हणून नोंदला गेला आहे. ज्यांची इंग्रजी मातृभाषा, त्यांच्यातही हे घडते. सभेत एखादा प्रस्ताव 'टेबल' करणे म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेणे आणि अमेरिकेत तो बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांत या एका शब्दावरून बराच वेळ वाद झाला आणि मग दोघांनाही एकच गोष्ट हवी असल्याचे लक्षात आले, अशी आठवण चर्चिल यांनी लिहून ठेवली आहे. जिनिंगमधल्या माणसाला याचे जवळचे उदाहरण गाठीचे. रुईची भारतीय गाठ 170 किलोची, तर अमेरिकेत गाठींचा हिशेब 480 पौंडांनी, म्हणजे सुमारे 218 किलोंनी धरतात. आपली गाठ चुकीची आहे असे कुणी म्हणत नाही, पण तिकडे नुसते 'शंभर बेल्स' लिहून भागत नाही.

शब्दांइतकाच इथे लिहिण्याच्या रीतीचाही भाग आहे. आपण तहसीलला किंवा बाजार समितीला अर्ज करताना शेवटी 'तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती' असे लिहितो. काय करायचे ते साहेबांना ठाऊक असते, आणि अमुक करा, अमुक तारखेपर्यंत करा असे त्यांना सांगणे आपल्याकडे उद्धटपणाचे वाटते. इंग्रजीतल्या 'डू द नीडफुल'मध्ये हीच अदब आहे आणि मला ती आवडते. मात्र ती शोभते तिथे वाचणाऱ्याला आपले प्रकरण आधीच माहीत असते, आणि नसले तर आपण त्याच्या टेबलासमोर जाऊन उभे राहू शकतो. मदत विभागातल्या माणसाला आपण कोण, जिनिंग म्हणजे काय, यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्यापुढे एक क्रमांक आणि दोन ओळी असतात. शिवाय अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे घड्याळ कापसाच्या हंगामात, म्हणजे हिवाळ्यात, आपल्यामागे साडेदहा तास असते. आपण काटा बंद करून घरी जातो तेव्हा त्यांचा दिवस सुरू होतो. म्हणजे त्याने खुलासा मागितला असता तरी तो आपण दुसऱ्या सकाळीच वाचला असता. अशा माणसाला नेमके काय हवे ते उघड सांगणे त्याच्या रीतीत उद्धटपणा नसतो, उलट त्याचे काम त्याने सोपे होते.

म्हणून तिकडे लिहिताना प्रश्न प्रश्नाच्याच रूपात लिहावा : 'डझ येस्टरडेज रेट चेंज अप्लाय टू रिसीट्स प्रिंटेड बिफोर इट? प्लीज रिप्लाय विथ येस ऑर नो. प्लीज डू नॉट चेंज एनिथिंग.' यातले शेवटचे वाक्य आपल्याला तुटक वाटेल, पण ते काढू नये. संगणकावरची शब्दतपासणी 'इंग्लिश इंडिया' करून ठेवावी की 'इंग्लिश युनायटेड स्टेट्स', असेही वाचकाने विचारले आहे. त्याने 'कलर'चे स्पेलिंग बदलेल. 'रिव्हर्ट'चे स्पेलिंग दोन्हीकडे एकच असल्यामुळे ही गफलत त्यात पकडली जाणार नाही.

मुंबईच्या दलालांना दुरुस्त करण्याचे काहीच कारण नाही. त्यांचे 'प्लीज रिव्हर्ट' आपल्याला बरोबर कळते, आपले त्यांना कळते, आणि दोघांच्या मधे कुणी अमेरिकी वाचक नाही. फक्त तेच पत्र पुढे सॉफ्टवेअरच्या मदत विभागाला पाठवायचे असेल, तर दलालांची ओळ तशीच न पाठवता वर आपला प्रश्न वेगळा लिहावा.