मोडेम बदलण्याआधी रिसीव्हर कानाला लावा
(विंडोज ९८ च्या दिवसांतली, टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडलं जायचं तेव्हाची प्रश्नोत्तरं)

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूच्या एका गावात राहते. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले. मुलगा पुण्याला नोकरीत आहे, त्यानंच घरी कॉम्प्युटर आणून फोनच्या लाइनीवरून इंटरनेट जोडून दिलं. उन्हाळ्यात बरं चाललं. मिरगाचा पाऊस लागल्यापासून मात्र पाच-सात मिनिटांत लाइन तुटते. नातवाच्या बारशाचे दोन फोटो मुलानं ई-मेलनं पाठवलेत, तीन आठवडे झाले तरी ते उतरत नाहीत. दुकानदाराच्या सांगण्यावरून मोडेम बदलला. आता तो म्हणतो, कॉम्प्युटरच जुना झालाय. नवा घ्यावा काय?
— एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, नवा कॉम्प्युटर घेऊ नका. मोडेमही आणखी बदलू नका. 'मिरगाचा पाऊस लागल्यापासून' हे तुमच्या पत्रातलं वाक्य मी दोनदा वाचलं. मिरग लागलेला कळतो तो खांबावरच्या जोडाला. सत्तावीस वर्षं मी याच भागात टेलिफोनच्या तारा ओढल्या, खांबावर चढून जोड दिले. कॉम्प्युटर त्यानंतर शिकलो. म्हणून माझा हात आधी तारेकडे जातो.

टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यासाठी केलेली. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज ती नीट नेते. कॉम्प्युटरकडं असतात आकडे. मोडेम त्या आकड्यांचा आवाज करतो, पलीकडचा मोडेम तो ऐकून पुन्हा आकडे करतो. म्हणजे ते एक बोलणंच आहे. लाइनीवर खरखर आली की आपण 'हॅलो, हॅलो' करत मोठ्यानं बोलतो. मोडेम आधी वेग कमी करतो, मग आणखी कमी करतो, आणि पलीकडचा आवाज ऐकूच येईना झाला की फोन ठेवून देतो. तुमची लाइन तुटते ती अशी.

आपल्या बेळगाव जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट इथं सांगतो. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेनं आपल्या देशात तयार केलेलं खेड्यांसाठीचं पहिलं डिजिटल एक्स्चेंज १९८६ च्या जुलैत आपल्या कित्तूरला बसलं. वातानुकूलित खोली नसली तरी धुळीत, उकाड्यात चालेल असं ते केलेलं होतं. तशी एक्स्चेंजं गावोगाव आल्यावर बोलण्याचे आकडे एक्स्चेंजातच होऊ लागले आणि पुढचा प्रवास स्वच्छ झाला. पण एक्स्चेंजपासून तुमच्या सोप्यापर्यंत तांब्याची जोडतारच आहे. मोडेमच्या खोक्यावर ५६ के, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट, असा वेग लिहिलेला असतो, तो ही तार चांगली असेल तर. मधला एक जोड भिजला की २६,४०० किंवा ३१,२०० वर समाधान मानावं लागतं.

आता तपासायचं कसं ते सांगतो. कॉम्प्युटर बंद ठेवा. रिसीव्हर उचला आणि कुठलाही एकच आकडा दाबा. डायल टोन थांबेल आणि लाइन मुकी होईल. त्या शांततेत कान देऊन ऐका. चर्रचर्र, तेल तापल्यासारखा आवाज आला तर जोडात पाणी आहे किंवा तांब्यावर हिरवा कीट चढलाय. सारखी घुर्रघुर्र आली तर तुमची फोनची वायर कुठं तरी विजेच्या वायरीला चिकटून गेलीय, ती हातभर लांब घ्या. हेच एकदा पाऊस जोरात असताना करा आणि एकदा उघडीप पडल्यावर.

दुसरी पायरी. आपल्याकडं एक फोन सोप्यात आणि दुसरा माजघरात असायची पद्धत आहे. तो जादा फोन पार काढून ठेवा. बाहेरची तार भिंतीतून जिथं आत येते तिथल्या पहिल्या डबीला एकच फोन लावून पुन्हा ऐका. खरखर गेली तर दोष घरातला, म्हणजे पाच-पन्नास रुपयांची वायर आणि डबी बदलून काम होईल. राहिली तर दोष बाहेरचा.

तेव्हा टेलिफोन खात्याच्या १९८ या नंबरावर तक्रार नोंदवा, पण 'इंटरनेट चालत नाही' असं सांगू नका. कॉम्प्युटरचा दोष म्हणून ती तक्रार तशीच बंद होते. 'बोलताना खरखर येते, पावसात वाढते' असं सांगा. लाइनमन आला की त्याला कानाला फोन लावून ऐकवा, आणि डीपीपासून, म्हणजे जिथून घरोघरच्या तारा फुटतात त्या पेटीपासून, घरापर्यंतचे सगळे जोड उघडून, तार घासून नव्यानं द्या म्हणावं. वरून नुसती टेप गुंडाळली तर आठ दिवसांत पुन्हा तेच होईल. भर पावसात शिडी घेऊन येणाऱ्या माणसाला गरम चहा द्या. ओल्या खांबावर हात किती गारठतात ते मला ठाऊक आहे.

राहिले बारशाचे फोटो. साध्या डिजिटल कॅमेऱ्याचा एक फोटो सहज ७०० केबीचा असतो. ई-मेलला जोडला की तो एक तृतीयांशानं फुगतो, म्हणजे ९३० केबीच्या आसपास जातो. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून तुमच्या लाइनीवर सेकंदाला ३ केबी धरा. एका फोटोला पाच मिनिटं, दोन्हींना दहाच्या वर लागतात. लाइन तुटते पाच-सात मिनिटांत, आणि पुन्हा जोडल्यावर ती मेल पहिल्यापासून उतरायला लागते. तीन आठवडे तुम्ही तोच अर्धा रस्ता चालताय, आणि प्रत्येक नव्या कॉलला मीटर पडतंय ते वेगळंच. मुलाला फोन करून सांगा की फोटो ६४० बाय ४८० एवढे लहान करून, एका मेलमध्ये एकच असा पाठव. शंभर केबीच्या आतला फोटो मिनिटाभरात उतरेल. आधीची मोठी मेल मात्र त्याला तुमचा पासवर्ड देऊन पुण्यातूनच काढून टाकायला सांगा, नाहीतर ती पुढं अडून बसेल.

आणि वळवाच्या दिवसांत विजेचा प्लग काढता तशी फोनची वायरही मोडेममधून काढत जा. वीज तारेवरून आत येते. माझ्या टेबलावर आलेल्या जळक्या मोडेमांपैकी बहुतेक फोनच्या बाजूनंच जळलेले होते.

प्रश्न : रात्री मोडेमच्या किंचाळण्यानं घर उठतं. आवाज बंद करता येतो काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : येतो. विंडोज ९८ मध्ये कंट्रोल पॅनेल, मोडेम्स, प्रॉपर्टीज इथं स्पीकर व्हॉल्यूमची पट्टी आहे, ती पार डावीकडं न्या. जोडणीला काही फरक पडत नाही. पण माझं ऐकाल तर पावसाळाभर तो बारीक का होईना, चालू ठेवा. आधी डायल टोन, मग आकडे, मग पलीकडची शिट्टी, मग दोघांची फुसफुस आणि शेवटी शांतता, असा तो क्रम असतो. चार दिवस ऐकलात की पाठ होईल. फुसफुस मध्येच थांबून शिट्टी पुन्हा पुन्हा यायला लागली तर दोघांचं जमत नाहीये. तेव्हा वर बाईंना सांगितलंय तसं रिसीव्हर उचलून एक आकडा दाबा.