प्लास्टरच्या आतला हात

प्रश्न : आठ दिवसांपूर्वी अंगणात घसरून पडताना मी हात टेकवला आणि उजवे मनगट मोडले. माझे वय ५८ आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनी हाड बसवून प्लास्टर घातले, पण बोटे सुजली आहेत आणि रात्री ठणका लागतो. शेजारणी म्हणतात, प्लास्टर काढा, हाडवैद्याकडून लेप लावून कामट्या बांधून घ्या, महिन्याभरात हात मोकळा होईल. काय करावे? (वाचक भगिनी, केज तालुका, जि. बीड)

उत्तर : पडताना माणूस जात्याच तळहात पुढे करतो आणि अंगाचा सगळा भार अंगठ्याकडच्या हाडाच्या मनगटालगतच्या टोकावर येतो. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांची हाडे विरळ होऊ लागतात, म्हणून तुमच्या वयात ही मोड फार आढळते. आयरिश शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी तिचे वर्णन १८१४ मध्ये, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ८१ वर्षे आधी केले होते आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

ठणका दिवसागणिक कमी होतो आहे की वाढतो आहे, हे आधी पाहा. बोटाचे नख दाबून सोडा. पांढरे पडलेले नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले पाहिजे. बोटे निळी किंवा थंड पडली असतील, मुंग्या येत असतील, गोळी घेऊनही वेदना वाढत असेल, किंवा दुसऱ्याने बोट सरळ करताच कळ उठत असेल, तर सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा. तेथे प्लास्टर आतल्या कापसासकट लांबीने चिरून सैल करतात. घट्ट बांधणीखाली सूज वाढली की स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि सुमारे सहा तासांत त्यांचे कायमचे नुकसान होऊ शकते. कामट्यांची भीती वाटते ती यामुळेच. चिंचेवरून पडून कोपर मोडलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाचा हात गावात दोरीने आवळून बांधला होता. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला तेव्हा बोटे आत वळून बसली होती, आणि पुढच्या शस्त्रक्रियांनंतरही त्याला पेन नीट धरता आला नाही. हाडवैद्याचा हात कितीही हलका असो, कामट्यांच्या आत मोड कुठे सरकली हे त्याला दिसत नाही.

यांपैकी काहीच नसेल, तर सुजेवरचा उपाय तुमच्याच हाती आहे. हात गळ्यातल्या झोळीत लोंबता ठेवू नका. बसताना, झोपताना उशीवर, काळजाच्या पातळीपेक्षा वर ठेवा. त्या हातात बांगड्या किंवा अंगठी राहिली असेल तर आजच काढा, प्रसंगी कापून घ्या. दर तासाला दहा वेळा घट्ट मूठ वळून बोटे पूर्ण उघडा आणि हात खांद्यातून डोक्यापर्यंत उचला. हाड साधारण सहा आठवड्यांत जुळते, पण तोवर निजवून ठेवलेली बोटे मोकळी व्हायला कित्येक महिने लागतात. सूज उतरली की प्लास्टर ढिले होऊन हाड सरकू शकते, म्हणून या आठवड्यातच पुन्हा एक्स-रे काढा. सरकले असल्यास हाडात धातूच्या तारा किंवा पट्टी बसवावी लागेल. आणि मिसरी लावत असाल तर ती बंद करा. तंबाखूमुळे हाड जुळायला उशीर होतो, मग मेथीचे लाडू कितीही खा.

प्रश्न : मी ऊसतोड कामगार आहे. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना घोटा आत मुरगळला. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला सूज आहे. खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. तेल लावून चोळले तर चालेल का? (वाचक, वडवणी, जि. बीड)

उत्तर : चोळू नका, सांध्याची हाडे बांधून ठेवणाऱ्या फाटलेल्या अस्थिबंधातून आत रक्त झिरपत असते, चोळल्याने ते वाढते. पायावर भार देऊन चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या कोणत्याही एका बाजूच्या हाडाची मागची कड दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे आवश्यक आहे. तसे नसेल तर दोन दिवस थंड पाण्याच्या घड्या, क्रेप बँडेज आणि पाय उंच, एवढे पुरे. मग सोसवेल तितके चालायला लागा. मोळी उचलण्याची घाई मात्र तीन ते सहा आठवडे करू नका. अर्धवट बरा झालेला घोटा त्याच फळीवर पुन्हा मुरगळतो, आणि खाड्याचा हिशेब मग दुप्पट होतो.

प्रश्न : वडील ७९ वर्षांचे आहेत. न्हाणीत पडून त्यांचे खुब्याचे हाड मोडले. या वयात ऑपरेशन झेपणार नाही, घरीच पायाला विटा बांधून वजन लावा, असे नातेवाईक सांगतात. (वाचक, औसा, जि. लातूर)

उत्तर : नातेवाइकांची काळजी समजते, पण त्यांनी धोका उलट्या बाजूला पाहिला आहे. या वयात ऑपरेशनपेक्षा अंथरूण अधिक घातक ठरते: आठवड्याभरात पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी धरते. प्रकृती अगदीच नाजूक नसेल, तर पहिल्या एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया व्हावी, असाच प्रयत्न असतो. मोड हाडाच्या मानेत, म्हणजे खुब्याच्या खोबणीत बसणाऱ्या गोळ्याखालच्या अरुंद भागात असून सरकली असेल, तर त्या गोळ्याचा रक्तपुरवठा बहुधा तुटलेला असतो आणि या वयात गोळा बदलणेच बरे. मोड त्याखाली असेल तर रक्तपुरवठा चांगला असतो, तेथे हाडाच्या पोकळीत सळई घालून भागते. दोन्हींत दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभे करतात. खर्चामुळे थांबला असाल, तर महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयात जा आणि रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन तेथील आरोग्यमित्राला आधी भेटा. नेताना मोडलेल्या पायाला दोन्ही बाजूंनी उशा लावा आणि वडिलांना बाजेसकट उचलून गाडीत ठेवा.