वेळसंकेतातील दुहेरी ठोके कशासाठी?

प्रश्न : अमेरिकेतील डब्ल्यूडब्ल्यूव्ही हे केंद्र लघुलहरींवर दर सेकंदाला एक ठोका देते; मात्र मिनिटाच्या आरंभीचे काही ठोके कधी कधी दुहेरी असतात. ही नाविकांसाठी दिलेली वेळेची दुरुस्ती असते, असे वाचनात आले. केंद्रात आण्विक घड्याळ असताना दुरुस्ती कशाची?

उत्तर : पृथ्वीचे परिवलन आण्विक घड्याळाइतके नियमित नसते आणि नाविकाला पृथ्वीची वेळ हवी असते, हे या दुरुस्तीचे मूळ आहे. सेक्स्टंट या कोनमापक उपकरणाने सूर्याचे किंवा ताऱ्याचे उन्नतांश (क्षितिजापासूनची कोनात्मक उंची) मोजून जहाजाचे रेखांश काढताना, त्या क्षणी पृथ्वी नेमकी किती फिरली होती हे कळावे लागते. ती तासाला 15 अंश फिरते. म्हणून वेळेत 4 सेकंदांची चूक झाली, तर विषुववृत्तावर जहाजाचे स्थान एक सागरी मैल, म्हणजे 1,852 मीटर, चुकते. घड्याळ पुढे असेल तर जहाज प्रत्यक्षाहून पश्चिमेला असल्याचे गणित सांगते.

1972 पासून प्रसारित वेळ आणि पृथ्वीची वेळ यांतील फरक लीप सेकंदांच्या, म्हणजे गरजेनुसार घातलेल्या जादा सेकंदांच्या, साह्याने 0.9 सेकंदाच्या आत ठेवला जातो. उरलेला फरक दुहेरी ठोके सांगतात, एक दुहेरी ठोका म्हणजे 0.1 सेकंद. पहिल्या ते आठव्या सेकंदातील दुहेरी ठोके मोजून येणारा फरक प्रसारित वेळेत मिळवायचा आणि नवव्या ते सोळाव्या सेकंदातील वजा करायचा.

0.1 सेकंदाने विषुववृत्तावर सुमारे 46 मीटरच फरक पडतो. हलत्या जहाजावरून सेक्स्टंटने घेतलेल्या मापात एखाद्या मैलाची चूक सहज होते, त्यामुळे हे दुहेरी ठोके मोजण्याची गरज सामान्य नाविकाला क्वचितच पडते. त्याच्या दृष्टीने खरे मोल मूळ वेळसंकेताचेच आहे, असे मला वाटते. ग्रिनीच वेधशाळेचा काळगोल, म्हणजे वेळ दाखवण्यासाठी खांबावरून सोडला जाणारा गोळा, 1833 पासून रोज दुपारी एक वाजता खाली येई. तो पाहून जवळच्या नदीतील जहाजे आपले क्रोनोमीटर (जहाजावरील अचूक घड्याळ) पडताळून पाहत, पण किनारा दिसेनासा झाल्यावर अशा पडताळणीची सोय उरत नसे. क्रोनोमीटरची दैनिक चाल, म्हणजे तो रोज किती पुढे किंवा मागे पडतो हे, अजमावण्यात 2 सेकंदांची चूक राहिली, तर 30 दिवसांत एका मिनिटाची, म्हणजे विषुववृत्तावर 15 मैलांची चूक साठते. अंधारात खडकाळ किनाऱ्याकडे येणाऱ्या जहाजाला ती घातक ठरू शकते. 1910 मध्ये आयफेल टॉवरवरून वेळसंकेत सुरू झाले आणि भर समुद्रातही घड्याळ तपासता येऊ लागले. अशा तपासणीत घड्याळाचे काटे हलवत नाहीत. आढळलेली चूक नोंदवहीत लिहून गणितात धरतात, कारण वारंवार हात लावल्याने चाल बिघडण्याची भीती असते.

2035 पर्यंत 0.9 सेकंदाची मर्यादा वाढवण्याचा निर्णय 2022 च्या वजन-मापविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेत झाला आहे. त्यानंतर फरक एका सेकंदापलीकडे गेला, तर दोन्ही दिशांना आठच ठोक्यांची जागा असलेली ही पद्धत तो सांगायला अपुरी पडेल आणि सूक्ष्म गणित करणाऱ्याला दुरुस्तीचा आकडा अन्य मार्गाने मिळवावा लागेल.