कोठाराच्या भिंतीवरचे सात नियम

प्रश्न : मी नववीला मराठी शिकवते. हुकूमशाहीच्या, पुस्तकं जाळणाऱ्या काल्पनिक जगाच्या गोष्टी अवांतर वाचनात घ्याव्यात असं मनात आहे. पण पालकसभेत काही जण म्हणाले, ‘असलं वाचून मुलं खचतील.’ काय करू?
— एक शिक्षिका, सातपूर, नाशिक

उत्तर : ताई, जरूर घ्या. पंचवटीत शिकवत होतो तेव्हा मी हे बरीच वर्षं केलं. मुलं गोष्टीने खचत नाहीत. ‘आपलंही असंच होणार’ असं शिक्षकच ठासून सांगू लागला की खचतात. तेवढं टाळा.

सुरुवात जॉर्ज ऑर्वेलच्या ‘ॲनिमल फार्म’पासून करा. शेतावरचे प्राणी मालकाला हाकलून आपलं राज्य आणतात आणि हळूहळू त्यांच्यातली डुकरंच हुकूमशहा होतात, अशी ती गोष्ट. पुस्तक १९४५ सालचं, आणि लेखकाचा जन्म बिहारमधल्या मोतिहारीचा. हे ऐकून मुलं सरसावून बसतात. प्राण्यांनी कोठाराच्या भिंतीवर लिहिलेले सात नियम फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि आठवडाभर पुसू नका. मग मुलं यायच्या आधी एका नियमात दोन शब्द वाढवा. पुस्तकात डुकरं तेच करतात : ‘कोणीही पलंगावर झोपू नये’ याच्यापुढे ‘चादर घालून’ येतं. कुणाच्या लक्षात येतं, आणि लक्षात येऊनही कोण गप्प बसतं, ते पाहा. तास तिथेच रंगतो.

त्यात बेंजामिन नावाचं गाढव आहे. त्याला डुकरांइतकंच उत्तम वाचता येतं, पण ते वाचत नाही. बिचाऱ्या बॉक्सर घोड्याची मजल पहिल्या चार अक्षरांपुढे जात नाही. राबतो मात्र सगळ्यांत जास्त. डुकरांची लबाडी चालू राहिली त्याला दोषी कोण, यावर माझ्या वर्गात अक्षरशः भांडणं झाली आणि मी ती होऊ दिली. एरवी तोंड न उघडणाऱ्या मुलीही हिरीरीने बोलल्या.

नंतर रे ब्रॅडबरीची ‘फॅरनहाइट ४५१’ थोडक्यात सांगा. तिथे सरकारने पुस्तकं जाळायला लागण्याच्या कितीतरी आधी लोकांनीच वाचन सोडलेलं असतं, आणि शेवटी काही माणसं एकेक पुस्तक पाठ करून जपतात. मग मुलांना आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात न्या. १८४० सालची संस्था आहे, कपाटांसमोर उभं राहूनच ठरवू दे, मी कोणतं पुस्तक पाठ करीन.

ऑर्वेलचीच ‘१९८४’ ही कादंबरी मात्र नववीत नको. त्यातला छळ त्या वयाला फार जड आहे. पालकांचं तेवढं म्हणणं मला पटतं.

आणि परीक्षेत ‘लेखकाचा संदेश लिहा’ असं विचारू नका. गाढवाने पहिल्याच दिवशी तो बदललेला नियम सर्वांना मोठ्याने वाचून दाखवला असता तर पुढे काय घडलं असतं, ते लिहायला सांगा.